बुडालेला संघ, जिंकलेला संघ

झांबियाच्या हवाई दलाचे एक बफेलो विमान २७ एप्रिल १९९३ च्या रात्री गॅबनची राजधानी लिब्रव्हिल इथून उडाले आणि काही मिनिटांतच, किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात कोसळले. विमानात तीस माणसे होती. एकही वाचले नाही. त्यांत झांबियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे अठरा खेळाडू होते, प्रशिक्षक गॉडफ्रे चितालू होते, देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष मायकेल म्वापे होते. दोनच दिवसांपूर्वी या संघाने मॉरिशसला त्यांच्या मैदानावर ३-० असे हरवले होते आणि आता तो विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी सेनेगलच्या डकारकडे निघाला होता. जवळपास एकोणीस वर्षांनी, १२ फेब्रुवारी २०१२ रोजी, त्याच लिब्रव्हिल शहरात झांबियाने आयव्हरी कोस्टला पेनल्टींवर ८-७ असे हरवले आणि आफ्रिकेचे अजिंक्यपद आपल्या इतिहासात पहिल्यांदा मिळवले. त्या रात्री जगभरच्या वार्ताहरांनी एकच गोष्ट लिहिली, की हा संघ जिथे संपला तिथेच तो जिंकला. ती वाचताना मन भरून येते, यात शंका नाही. पण भरून आलेले मन जरा निवले की एक प्रश्न उरतो, आणि तो फुटबॉलपेक्षा बराच जुना आहे. जो संपला आणि जो जिंकला, ते दोन्ही एकच होते का? आणि असतील, तर कशाच्या जोरावर?

हा प्रश्न शब्दांचा कीस पाडण्यासाठी विचारलेला नाही. त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. संघ जर तोच असेल, तर २०१२ चा चषक काही अंशी बुडालेल्या अठरा जणांचाही ठरतो. तोच असेल, तर त्यांच्या मृत्यूला जी माणसे आणि ज्या संस्था कारणीभूत झाल्या, त्यांची जबाबदारीही आजच्या संघटनेपर्यंत आणि आजच्या सरकारपर्यंत येऊन पोचते. संघ तोच नसेल, तर मात्र विजयाच्या दिवशी मृतांचे नाव घेणे ही निव्वळ भावनिक सजावट ठरेल. मला पहिले उत्तर खरे वाटते. पण ते ज्या कारणांसाठी सहसा दिले जाते, ती कारणे मला पटत नाहीत.

सगळ्यात सोपे उत्तर दफ्तरातले आहे. झांबियाची फुटबॉल संघटना १९९३ मध्ये होती, २०१२ मध्येही होती. फिफाचे सदस्यत्व तेच, देश तोच, ध्वज तोच, म्हणून संघ तोच. कायद्याच्या कामाला हे पुरते. पण दफ्तर किती तोकडे असते हे पाहायचे असेल तर सोव्हिएत संघाकडे पाहावे. १९८८ च्या युरोपीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचलेल्या त्या संघात कीव्हच्या डायनॅमो क्लबचे खेळाडू मोठ्या संख्येने होते, आणि त्यांचे प्रशिक्षक व्हालेरी लोबानोव्हस्की हे कीव्हचेच. सोव्हिएत राष्ट्र मोडल्यावर फिफाने त्या साऱ्या इतिहासाचा वारसा रशियाच्या नावावर लावला. कागद पुसून नवा केला तर तो इतिहास दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो, मग त्या कागदाला आपण संघाचे सत्त्व कसे म्हणावे? शिवाय एक साधी गोष्ट दफ्तराला सांगताच येत नाही. २०१२ च्या अंतिम सामन्यासाठी लिब्रव्हिलला आल्यावर झांबियाचे खेळाडू समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि त्यांनी पाण्यात फुले सोडली. फिफाच्या कोणत्याही नियमात हे लिहिलेले नव्हते.

दुसरे उत्तर तत्त्वज्ञांचे. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे: कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि शेवटी जुनी एकही फळी उरली नाही, तर जहाज तेच का? प्रत्येक राष्ट्रीय संघ असाच असतो. आज एक बचावपटू निवृत्त होतो, उद्या एक नवा आघाडीचा खेळाडू येतो, आणि दहा-बारा वर्षांत अकराच्या अकरा बदलतात. आपल्याला त्याचे काही वाटत नाही, कारण प्रत्येक नव्या माणसाला जुन्यांच्या शेजारी उभे राहून खेळायला मिळालेले असते. झांबियाच्या बाबतीत मात्र जवळजवळ सगळ्या फळ्या एकाच रात्री गेल्या. इटलीत ४ मे १९४९ रोजी सुपर्गाच्या टेकडीवर विमान आदळून तोरिनो क्लबचा संपूर्ण संघ गेला, तेव्हा इटलीच्या राष्ट्रीय संघाचा कणा मोडला खरा, पण इतर क्लबांत खेळणारे त्याचे काही खेळाडू शिल्लक होते. १९९३ चा आघात त्याहून पूर्ण होता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ज्या झांबियाने इटलीला ४-० असे लोळवले होते, त्या संघातले काही आणि त्यांच्यानंतर वर आलेले बहुतेक खेळाडू एका विमानात होते. हळूहळू होणाऱ्या बदलाचा आधार घेऊन सातत्य सिद्ध करू पाहणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात हाच पेच फार पूर्वी आला आहे आणि माझ्या मते तिथे तो अधिक नेमका मांडला आहे. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादातले रथाचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे, आणि हे सगळे वगळून रथ नावाची वेगळी वस्तू सापडत नाही. तेवढे वाचून लोक थांबतात आणि म्हणतात, बौद्ध मतानुसार संघ म्हणजे नुसते नाव. पण राजा तिथे थांबत नाही. तो विचारतो की मागून येणारा माणूस आधीचाच नसेल, तर आधीच्याच्या कर्माचे फळ त्याने का भोगावे? त्यावर नागसेन जी उदाहरणे देतो, ती फारशी उद्धृत होत नाहीत. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले, पकडला गेला आणि म्हणू लागला की या माणसाने जमिनीत पुरलेले आंबे वेगळे होते, मी झाडावरून काढले ते वेगळे. एकाने शेकोटी पेटवून तशीच सोडली, तिने शेजाऱ्याचे शेत जाळले, आणि तो म्हणू लागला की मी पेटवलेली आग वेगळी, शेत जाळणारी वेगळी. राजा स्वतःच निवाडा देतो की हा बचाव चालणार नाही. यातली सगळी उदाहरणे देण्याघेण्याची आणि दोषाची आहेत, हे लक्षात घ्यावे. एक तेच का दुसरे, हा प्रश्न नागसेन अध्यात्माच्या हवेत सोडवत नाही. तो त्याला न्यायासनापुढे नेतो. सातत्य कुठे असते? जिथे मागच्याचे देणे पुढचा नाकारू शकत नाही, तिथे.

इथूनच मला माझे म्हणणे मांडायचे आहे. राष्ट्रीय संघाला आत्मा नसतो, आणि तो पोकळ नावही नसतो. मागच्यांचे ऋण पुढच्यांनी आपले मानल्याने तो टिकतो. आपल्याकडे ऋणाची कल्पना फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेने ब्राह्मणाला जन्मतःच तीन ऋणे सांगितली: ऋषींचे, देवांचे, पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने ती अस्तित्वात येणाऱ्या प्रत्येकाची मानली आणि त्यांत माणसांचे चौथे ऋण मिळवले. या कल्पनेचा कर्मकांडाचा भाग बाजूला ठेवला तरी तिचा गाभा मोलाचा आहे: मी काही उसने घेण्याआधीच कुणीतरी माझ्यासाठी काही केलेले असते, आणि ते मान्य करूनच मी एखाद्या परंपरेचा होतो.

यावर तत्त्वज्ञ लॉकच्या अनुयायाला पहिली हरकत घ्यावीशी वाटेल. तो म्हणेल, सातत्य स्मृतीने येते. मी कालचाच आहे, कारण मला काल आठवतो. हे खरे मानले तर २०१२ चा संघ १९९३ चा संघ असूच शकत नाही. निर्णायक पेनल्टी मारणारा स्टोपिला सुंझु त्या अपघाताच्या वेळी चार वर्षांचाही नव्हता. उपांत्य फेरीत घानाविरुद्धचा एकमेव गोल करणारा इमॅन्युएल मयुका अडीच वर्षांचा होता. कर्णधार ख्रिस्तोफर काटोंगो सर्वांत मोठ्यांपैकी, तरी तोही दहा वर्षांचा मुलगाच. त्या मृत खेळाडूंबरोबर यांतला कुणीही कधी खेळलेला नव्हता. त्यांना जे ठाऊक होते ते ऐकीव होते. तरीही त्यांनी किनाऱ्यावर जाणे आपले काम मानले. म्हणजे सातत्य आठवणीवर उभे नव्हते. उलट, ऋण आधी मानले गेले आणि त्यामुळे आठवण सांभाळली गेली. एकाच आयुष्यापुरती स्मृती पुरत असेल. पिढ्यांच्या बाबतीत ती नेहमी ऋणाच्या मागून येते.

दुसरी हरकत अधिक ठोस आहे, आणि तिचे नाव कलुशा ब्वाल्या. १९८८ मध्ये इटलीविरुद्ध तीन गोल करणारा, त्याच वर्षी आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला हा खेळाडू हॉलंडच्या पीएसव्ही आइंडहोव्हनकडून खेळत होता आणि तिथून थेट डकारला जाणार होता, म्हणून वाचला. २०१२ मध्ये तोच झांबियाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता. मग असे का म्हणू नये की एक फळी वाचली होती आणि संघाचे सातत्य त्या एका माणसातून वाहत आले? मला हे अर्धेच खरे वाटते. कलुशा नुसता जिवंत राहिला म्हणून सातत्य आले नाही. त्याने काय केले यात ते आहे. युरोपात त्याचा जम बसलेला होता, तो तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि देशाच्या संघापासून दूर राहायला त्या क्षणी त्याच्याइतके समर्थनीय कारण दुसऱ्या कुणापाशी नव्हते. तो परतला, नव्या संघाचा कर्णधार झाला. वाचलेला माणूस आणि ऋण स्वीकारणारा माणूस हे दोन वेगळे असू शकले असते. कलुशाच्या ठायी ते एक झाले, ही त्याची थोरवी आहे.

आणि म्हणूनच माझ्या हिशेबात या इतिहासाचा कळसाचा दिवस १२ फेब्रुवारी २०१२ नाही. तो ४ जुलै १९९३ आहे. अपघाताला दहा आठवडेही झाले नव्हते. देशात चाचण्या घेऊन पोरे निवडली गेली, डेन्मार्कमध्ये प्रशिक्षक रोआल्ड पोल्सन यांच्या हाताखाली त्यांची तयारी झाली आणि लुसाकाच्या इंडिपेंडन्स स्टेडियमवर मोरोक्कोविरुद्ध विश्वचषक पात्रता सामना ठरला. त्या मैदानाला लागूनच मृतांना पुरले होते. माती अजून ओली असताना शेजारी खेळायला उभे राहणे म्हणजे काय, हे सांगायला मोठे शब्द लागत नाहीत. मोरोक्कोने आधी गोल केला. मग कलुशाने फ्री किकवर बरोबरी साधली आणि जॉन्सन ब्वाल्याने दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकून दिला. पण समजा, तो सामना झांबिया हरला असता तर? माझ्या दृष्टीने काहीही बिघडले नसते. संघ तोच आहे हे ज्या क्षणी सिद्ध झाले तो क्षण गोलाचा नव्हता. ते अकरा जण मैदानात आले, इथेच ते सिद्ध झाले. झांबियाला त्या वेळी स्पर्धेतून माघार घेता आली असती, आणि कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही.

पुढे काय घडले तेही या विधानाच्या बाजूनेच साक्ष देते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला कॅसाब्लांकामध्ये त्यांना विश्वचषक गाठण्यासाठी फक्त बरोबरी हवी होती, आणि ते १-० असे हरले. १९९४ च्या एप्रिलमध्ये ट्यूनिसमध्ये इयन पोर्टरफील्ड यांच्या मार्गदर्शनाखाली हा वर्षभराचाही न झालेला संघ आफ्रिकेच्या अंतिम सामन्यात पोचला. एलायजा लिटानाने सुरुवातीलाच गोल करून नायजेरियावर आघाडी मिळवून दिली, पण इमॅन्युएल अमुनेकेच्या दोन गोलांनी तो सामनाही २-१ असा गेला. विजयालाच फेड मानायचे तर १९९३-९४ चा हा संघ दोनदा दिवाळखोर ठरला असे म्हणावे लागेल. असे कुणी म्हणत नाही. झांबियात त्या मुलांबद्दल आजही जी आपुलकी आहे, तिला दोन पराभवांनी जराही धक्का लागलेला नाही. ऋण गोलांनी मोजायचे नसते, हे लोकांना तत्त्वज्ञान न वाचताही कळलेले असते.

आता सर्वांत मोठ्या हरकतीकडे येतो. ती श्रद्धेची आहे आणि तिच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा यांनी डिसेंबर १९९१ मध्ये झांबिया हे ख्रिस्ती राष्ट्र असल्याचे जाहीर केले होते, आणि तिथल्या असंख्य लोकांनी २०१२ च्या विजयात देवाचा हात पाहिला. खुद्द फ्रेंच प्रशिक्षक एर्व्हे रनार यांनाही तो विधिलिखित वाटला. योगायोग होतेही थक्क करणारे. झांबिया त्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंतचे सगळे सामने विषुववृत्तीय गिनीमध्ये खेळला. अंतिम सामना गाठला तरच त्याला गॅबनमध्ये यायचे होते. आयव्हरी कोस्टने स्पर्धेत एकही गोल खाल्लेला नव्हता. अंतिम सामन्यात सत्तराव्या मिनिटाला दिदिए ड्रोग्बाने पेनल्टी गोलपट्टीच्या वरून मारली. पेनल्टी शूटआउट चालू असताना झांबियाचे खेळाडू गुडघ्यांवर बसून गात होते. हे सगळे पाहून ज्याला देव आठवला, त्याची चेष्टा करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तरीही हे स्पष्टीकरण मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण अश्रद्धेचे नाही, नीतीचे आहे. ज्या देवाने २०१२ ची भेट आखली, त्यानेच १९९३ ची रात्रही आखली असे मग मानावे लागते, नाहीतर भेटीला अर्थ राहत नाही. एका सुंदर शेवटासाठी तीस माणसांना समुद्रात लोटणारा देव पूजनीय कसा? शिवाय समोरच्या संघाचे काय? आयव्हरी कोस्ट २०१०-११ च्या निवडणुकीनंतरच्या यादवीतून नुकताच बाहेर पडत होता. त्या देशातही मृत होते, त्यांच्याही खेळाडूंच्या मनात कुणासाठी तरी जिंकायचे असणार. ड्रोग्बाचा पाय देवाने हलवला असे म्हणताना आपण त्या सगळ्यांना दुसऱ्याच्या कथेतले सामान करून टाकतो. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत गंभीर वाटते: विधिलिखित म्हटले की विमान का पडले, हे विचारणे थांबते. देवावर विश्वास ठेवणाऱ्याने हे तिन्ही प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. माझी समजूत अशी आहे की किनाऱ्यावर फुले सोडणारा खेळाडू देवाला योजनेचे श्रेय देत नव्हता. तो मृतांना नमस्कार करत होता, आणि त्यासाठी योजनेची गरज नसते.

चार्वाकपंथी इथे हसेल. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात त्यांचा युक्तिवाद नोंदलेला आहे: श्राद्धाने मेलेल्याचे पोट भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी देण्याचे काय काम? घरीच जेवू घालावे, त्याला तिथे पोचेल. तसेच, सुंझुच्या पेनल्टीने बुडालेल्यांपैकी एफर्ड चबालाला काय मिळाले? तो तर एकोणीस वर्षांपूर्वी गेला. हा युक्तिवाद जेवढ्यापुरता आहे तेवढ्यापुरता निरुत्तर करणारा आहे, आणि मी त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न करणार नाही. मृताला चषक पोचत नाही. पण ऋण फेडण्याचा अर्थ घेणाऱ्याच्या हाती काही पोचणे एवढाच असतो का? सावकार वारला म्हणून कर्ज नाहीसे होत नाही, आणि मेलेल्याला दिलेला शब्द मोडणारा माणूस काहीतरी चुकीचे करतो असे चार्वाकालाही वाटल्यावाचून राहणार नाही. देणे देणाऱ्याच्या बाजूनेही असते.

केनियाचे तत्त्वज्ञ आणि अँग्लिकन धर्मगुरू जॉन म्बिती यांनी १९६९ मध्ये आफ्रिकेच्या पारंपरिक धर्मविचारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात याचे एक वेगळे उत्तर सापडते. त्यांच्या मांडणीत माणूस देहाने गेला तरी जोवर त्याला ओळखणारे, नावाने आठवणारे कुणी जिवंत आहे, तोवर तो पुरता मेलेला नसतो. तो कुटुंबाचाच एक घटक राहतो. शेवटचा ओळखणारा गेला की मग तो नामरूप नसलेल्या गतकाळात विरतो. साऱ्या आफ्रिकेचा विचार एका साच्यात बसवला म्हणून म्बितींवर पुढे टीका झाली, आणि ती गैर नव्हती. पण नावाने आठवण्यावर त्यांनी दिलेला भर मला इथे फार मोलाचा वाटतो. राष्ट्रीय संघ ही नावे टिकवणारी संस्था आहे. माणसाच्या नातवंडांच्याही पलीकडे ती त्याचे नाव नेऊ शकते. तेव्हा 'अठरा खेळाडू' एवढ्यावर थांबणे याच लेखात चुकीचे होईल. ते होते एफर्ड चबाला, जॉन सोको, व्हाइटसन चांग्वे, रॉबर्ट वाटियाकेनी, एस्टन मुलेंगा, डर्बी मकिंका, मोझेस चिक्वालाक्वाला, विझडम चान्सा, केल्विन मुताले, टिमोथी म्विट्वा, नुम्बा म्विला, रिचर्ड म्वांझा, सॅम्युएल चोम्बा, मोझेस मासुवा, केनन सिमाम्बे, गॉडफ्रे कांग्वा, विंटर मुंबा आणि पॅट्रिक बांदा.

राहिली ती तरुण खेळाडूची हरकत, आणि ती ऐकून घेतलीच पाहिजे. तो म्हणेल, मी कुणाचे काही घेतले नाही, माझ्या जन्माच्या सुमारास झालेल्या मृत्यूंचे ओझे माझ्या खांद्यावर का? राष्ट्राच्या नावाने माणसांवर लादलेल्या ऋणांनी जगात काय केले आहे हे पाहता, ही भीती खरी आहे. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, हे ऋण रक्ताने चिकटत नाही. संघाची जर्सी घालताना ते स्वीकारले जाते, आणि ती न घालण्याची मोकळीक असते. १९७४ आणि १९९४ च्या आफ्रिकी अंतिम सामन्यांतले दोन पराभव, इटलीवरचा विजय, त्या साऱ्यातून मिळालेली ओळख आणि मैदान भरणारे प्रेक्षक, हे सगळे त्याला आयतेच मिळते. मिळालेले घ्यायचे आणि देणे मात्र अनोळखी म्हणायचे, हा आंबे चोरणाऱ्याचाच बचाव झाला. दोन, आणि हे अधिक महत्त्वाचे: त्या खेळाडूवर विजयाचे ऋण नाही. जिंकलाच पाहिजेस असे त्याला सांगणारा माणूस मृतांच्या नावाने स्वतःची हाव भागवत असतो. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की त्याने प्रामाणिकपणे खेळावे आणि आपल्या आधी कोण होते ते विसरू नये.

खेळाडूंवरचे ऋण इतके हलके आहे, कारण जड ऋण दुसऱ्यांवर आहे. तांब्यावर पोसलेली झांबियाची अर्थव्यवस्था त्या काळी डबघाईला आली होती, संघटनेला नेहमीच्या विमानाची तिकिटे परवडत नव्हती, आणि म्हणून राष्ट्रीय संघ लष्कराच्या विमानाने खंड ओलांडत होता, ठिकठिकाणी इंधनासाठी थांबत. ते विमान अनेक महिने वापराबाहेर होते आणि अपघाताच्या काही दिवस आधीच पुन्हा उडू लागले होते. गॅबनच्या चौकशीचा निष्कर्ष बाहेर यायला २००३ उजाडले: एका इंजिनाला आग लागली, आणि थकलेल्या वैमानिकाने चुकून दुसरे, चालते इंजिन बंद केले. तोच वैमानिक आदल्या दिवशी संघाला मॉरिशसहून घेऊन आला होता. थकवा, बिघडलेले यंत्र, रिकामी तिजोरी: यांत विधिलिखित काहीही नाही, सगळी माणसांची कृत्ये आणि माणसांच्या उणिवा आहेत. मृतांच्या कुटुंबांना भरपाईसाठी न्यायालयात जावे लागले आणि सत्य कळण्यासाठी दहा वर्षे थांबावे लागले.

संघ तोच आहे असे एकदा म्हटले की यातून सुटका नाही. २०१२ चा चषक आपला म्हणून मिरवणाऱ्या संघटनेने आणि सरकारने ते विमानही आपलेच होते हे मानले पाहिजे. शतपथ ब्राह्मणाने मोजलेले चौथे ऋण हे असे जिवंत माणसांचे असते, आणि ते पाण्यात फुले सोडून फिटत नाही. खेळाडूंना सुरक्षित विमानाने पाठवणे, विधवांना न भांडता त्यांचे देणे देणे, चौकशीतला प्रत्येक कागद कुटुंबांपुढे ठेवणे, अशानेच ते फिटते. खेळाडूंनी आपला वाटा ४ जुलै १९९३ लाच चुकता केला होता. त्यांना ज्यांनी त्या विमानात बसवले, त्यांचा वाटा लिब्रव्हिलच्या विजयाने कमी झालेला नाही.